फुफ्फुसं स्वच्छ, तरी ढास थांबेना: माझे सहा महिने

कर्नाटकातल्या संकेश्वरात आमचा मिरची कांडायचा डंक आहे आणि त्याला लागूनच घर. लग्न होऊन इथं आले त्याला तेवीस वर्षं झाली, तेव्हापासून मिरचीच्या खकाण्यातच माझा दिवस जातो. बाहेरचा माणूस उंबऱ्यातच शिंकायला लागतो, पदरानं डोळे पुसतो. मी आत उभी राहून गिऱ्हाइकाशी धने-खोबऱ्याचा हिशेब बोलत असते. त्यामुळे गेल्या हंगामात मलाच त्या खोलीत पाऊल टाकता येईना, तेव्हा मी फार घाबरले. टीबी असेल, कॅन्सर असेल, रात्री दोन वाजता एकटी उठून बसल्यावर डोक्यात काय काय येतं. नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने गेले. कारण सापडलं ते आमच्याच फळीवरच्या गोळ्यांच्या डब्यात. ज्यांचा एक्स-रे स्वच्छ येतो, थुंकी स्वच्छ येते आणि तरी खोकला जात नाही, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं तारीखवार लिहिते आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये डोकं सारखं जड असायचं म्हणून गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. बीपी १६४ वर १०० निघालं. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं, जवळपास तेवढंच. रोज सकाळी एक रामिप्रिल, ५ मिलिग्रॅमची, सुरू झाली. महिन्याभरात बीपी १३० वर ८४ आलं आणि मी निर्धास्त झाले. गणपतीत आरती म्हणताना घशात बारीक खाज सुटायची, मध्येच आवाज अडकायचा. कापराचा धूर लागला असेल म्हणून सोडून दिलं. ही खाज पुढे फार महत्त्वाची ठरली, पण फेब्रुवारीत कुणी विचारेपर्यंत मला ती आठवलीसुद्धा नाही.

भाऊबीज झाली आणि घरातले सगळे ताप-सर्दीनं पडले. बाकीचे आठवड्यात उठले. माझा ताप गेला, सर्दी गेली, ढास राहिली. कोरडी. बेडका नाही, घरघर नाही. गळ्याच्या खळगीत कुणी मोरपीस फिरवतंय असं वाटायचं आणि एकदा उबळ आली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबायची नाही. थंड वारा लागला की ढास, हसले की ढास, फोनवर चार वाक्यं बोलले की ढास. कांद्याच्या फोडणीला तर मी स्वयंपाकघरातून बाहेरच जायला लागले. रात्री सासूबाई उठून पाणी आणून द्यायच्या. पंच्याहत्तरीची बाई माझ्यामुळे झोपत नाही, याचं मला खोकल्याहून जास्त वाईट वाटायचं.

नोव्हेंबर-डिसेंबरात गावातच दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्यांदा पाच दिवसांची अँटिबायोटिक आणि सिरप, दुसऱ्यांदा वेगळी अँटिबायोटिक आणि वेगळं सिरप. दोन्ही मिळून अकराशे रुपये गेले. त्या सिरपानं झोप यायची, दिवसभर गुंगी असायची. ढास जिथल्या तिथं. अडुळसा, ज्येष्ठमध, हळद-दूध, मध-आलं, शेजारणीनं सांगितलेला विड्याच्या पानाचा रस, सगळं करून झालं. घसा तासभर मऊ पडायचा, एवढाच उपयोग. दोघांपैकी एकाही डॉक्टरांनी ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे का’ असं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बीपीचा आणि खोकल्याचा काय संबंध, असंच माझ्या मनात होतं.

महिना उलटला तशी माणसं बोलायला लागली. एक जुनं गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, “वैनी, टीबीचं तपासून घ्या एकदा. चटणी खायची जिन्नस हाय.” त्यात खोट काहीच नव्हती, पण रात्रभर ते शब्द डोक्यात फिरत राहिले. १९ डिसेंबरला मी सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीवर चिठ्ठी काढली, अर्ज कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. नर्सबाईंनी विचारलं, “येष्ट दिन आतु केम्मु?” किती दिवस झाले खोकल्याला? चाळीसच्या वर, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग मराठीत म्हणाल्या, “दोन आठवड्यांवर खोकला गेला की यायचं असतं, आक्का. एवढं थांबायचं नाही.” हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. दोन आठवड्यांची मुदत आहे आणि तपासणी फुकट आहे.

थुंकीचे दोन नमुने द्यायचे असतात, एक तिथल्या तिथं आणि एक दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या. माझ्या कोरड्या ढासेत बेडका यायलाच तयार नव्हता. पहिल्या डबीत नुसती लाळ गेली, ती त्यांनी परत केली. नर्सबाईंनी सांगितलेली युक्ती इथं देते: रात्री भरपूर पाणी प्यायचं, सकाळी चूळ भरायची, उघड्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, थोडा रोखायचा आणि मग पोटातून खोकायचं. तिसऱ्या प्रयत्नाला चमचाभर निघालं. डबीवर नाव आणि तारीख नीट लिहिली आहे का, ते आपणच पाहायचं. तीन दिवसांनी निकाल: जंतू नाहीत. छातीचा एक्स-रे बाहेरून काढला, ३५० रुपये. स्वच्छ. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. त्या रात्रीही अडीच वाजता उठून बसलेच.

जानेवारी पित्तात गेला. आम्ल वर येऊन घशाला लागतं, त्यानं खोकला होऊ शकतो असं सांगण्यात आलं आणि चार आठवडे सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतली. संक्रांतीला तिळगूळ वाटताना मी घरोघरी खोकत फिरत होते. फरक शून्य.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला, पण बायकांसाठी लिहितेच. जोराची उबळ आली की लघवीचे थेंब सुटायचे. मी बाहेर जाणं बंद केलं, बसमध्ये बसायची भीती वाटायला लागली. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नंतर छातीच्या डॉक्टर मॅडमनी आपणहून विचारलं, तेव्हा मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, बरेच दिवस खोकणाऱ्या बायकांत हे सर्रास होतं आणि सांगायला बायका लाजतात. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम त्यांनी शिकवला. तुम्हाला होत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

फेब्रुवारीत नव्या मिरचीची पोती यायला लागली. देठं खुडायला बायका बसल्या, डंक सुरू झाला. ११ तारखेला मी आत गेले. मुसळ दहा वेळा तरी पडलं असेल-नसेल, छातीत एकदम आवळल्यासारखं झालं आणि अशी उबळ आली की अंगणात येऊन ओकले. त्या दिवशी यांनी ठरवलं, आता बेळगाव.

फोन करून छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मिळाली ती सोमवार २४ फेब्रुवारीची. बसचा खर्च नव्हता. आधारवर कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना २०२३च्या जूनपासून राज्याच्या साध्या बसला शून्याचं तिकीट मिळतं. महाराष्ट्राच्या लाल बसमध्ये ते चालत नाही, तेव्हा संकेश्वर-निपाणी भागातल्या बायकांनी स्टँडवर पाटी बघूनच चढावं. घाटमाथ्याचा गार वारा खिडकीतून येत होता. नाकातोंडावर ओढणी बांधून बसले आणि लवंग चघळत दीड तास काढला.

टोकन ३१. साडेतीन तास बसले. तपासणी फी ६०० रुपये. मॅडमनी आधी कामाचं विचारलं, मग किती दिवस, कधी जास्त होतं, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का, रक्त पडलं का. मग स्पायरोमेट्री करायला पाठवलं, त्याचे ९०० रुपये वेगळे. तिचा मला फार धसका होता, म्हणून सविस्तर सांगते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची जाड नळी देतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळा जोर लावून फुंकायचं, आणि फुंकतच राहायचं. सहा सेकंद फार मोठे असतात. तिथली मुलगी शेजारी उभी राहून ओरडत होती, “ऊद्री, ऊद्री, इन्नू, इन्नू!” फुंका, अजून फुंका. पहिल्या दोन वेळा मध्येच ढास लागली, ते धरले नाहीत. असं झालं तर घाबरू नका. पाणी पिऊन पुन्हा करू देतात. तीन चांगल्या फुंकरी मिळेपर्यंत चालतं. नंतर पंपाचं औषध ओढायला लावून वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा तीच कसरत. जाताना पोट गच्च भरून जाऊ नये, सैल कपडे घालावेत.

निकाल नॉर्मल. पंपाच्या आधीही आणि नंतरही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी रडकुंडीला आले. सगळंच नॉर्मल, तर मग मी खोकते का? मनाचा खेळ आहे असं आता म्हणणार, अशी धास्ती वाटली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत, ताई?” बीपीची आहे म्हटलं. नाव? नाव मला सांगता येईना. लाल अक्षरांची पट्टी, एवढंच आठवत होतं. धाकट्या मुलीला फोन लावला, तिनं डब्यातून पट्टी काढून फोटो पाठवला. मॅडमनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि लगेच विचारलं, “ही कधीपासून? आणि त्यानंतर, तापाच्या आधी, घशात खाजल्यासारखं होत होतं का?” तेव्हा मला गणपतीची आरती आठवली.

मॅडमनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला श्वासनळी काढली. तिच्या आतल्या अस्तरात मज्जातंतूंची टोकं असतात, केसाहून कितीतरी बारीक. त्यातल्या बहुतेकांवर आवरणही नसतं. छातीतला निरोप ते व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्याकडे नेतात आणि तिथून खोकल्याचा हुकूम सुटतो. या टोकांवर एक दार असतं. ते काय लागलं की उघडतं, तर मिरचीतलं कॅप्सायसिन. किंवा आम्ल. किंवा ४३ अंशांच्या वरची उष्णता. म्हणूनच मिरची ‘भाजते’ असं आपण म्हणतो. शरीराच्या लेखी चटका आणि तिखट एकाच दारातून येतात.

“हे दार जन्मभर एकाच ताकदीनं बंद राहत नाही,” त्या म्हणाल्या. सर्दी-तापात अस्तराला सूज आली की तिथं काही रसायनं तयार होतात. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही त्यातली मुख्य. ती मज्जातंतूला लागली की दाराची कडी सैल होते. मग जेवढ्या मिरचीनं पूर्वी काही होत नव्हतं तेवढ्यानं उबळ येते. पुढे पुढे गार हवा, हसणं, बोलणं एवढंही पुरतं. फुफ्फुसाची नळी उघडी असते, फोटोत काही दिसत नाही, फुंकर व्यवस्थित येते. दुखणं मज्जातंतूच्या हळवेपणात असतं आणि तो एक्स-रेत उमटत नाही.

आता गोळीचं. आपल्या शरीरात, आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तर भरपूर, एसीई नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते बीपी वाढवणारं रसायन तयार करतं आणि ब्रॅडिकायनिन मोडूनही टाकतं. रामिप्रिलसारखी गोळी या विकरालाच अडवते. बीपी उतरतं ते त्यामुळेच, पण ब्रॅडिकायनिन मोडायचं राहून जातं आणि साठतं. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना हा त्रास होत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरात पाच ते वीस जणांना झालेला दिसतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. माझ्यात गोळीनं कडी सैल केली होती आणि दिवाळीनंतरच्या तापानं ती आणखी सैल झाली, असा त्यांचा कयास होता. ओठ किंवा जीभ कधी सुजली होती का, हेही त्यांनी नीट विचारलं. तसं झालं तर एक तासही न थांबता दवाखाना गाठायचा असतो.

मनाचा खेळ नव्हता तर. त्या चिठ्ठीच्या मागचं चित्र मी अजून जपून ठेवलंय.

थोरली मुलगी बेळगावात बी. फार्म. करते. संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले तर ती पुस्तक उघडूनच बसली. ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ साली ब्राझीलमध्ये तिथल्या एका विषारी सापाच्या विषावर काम करताना लागला. त्याच सापाच्या विषातल्या घटकांवरून पुढे या जातीची पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, तयार झाली आणि १९८१ मध्ये बाजारात आली. मिरचीचं दार १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ती म्हणाली, “आई, ब्रॅडिकायनिन नि प्रोस्टाग्लँडिन लागले की पेशीच्या आत त्या दाराला फॉस्फेट चिकटतं. मग ते ४३ अंशांची वाट बघत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर बघितलंय, अंगाच्या नेहमीच्या उष्णतेलासुद्धा उघडायला लागतं.”

एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. खोकल्याचा हळवेपणा मोजायला संशोधक कॅप्सायसिनच वापरतात. त्याचा बारीक फवारा हुंगायला देतात, दर वेळी ताकद दुप्पट करत जातात आणि किती ताकदीला माणूस दोनदा खोकतो, कितीला पाचदा, ते लिहून ठेवतात. १९८०च्या दशकात धडधाकट माणसांना कॅप्टोप्रिल देऊन ही चाचणी केली तर ती कमी कॅप्सायसिनला खोकायला लागली. प्रोस्टाग्लँडिन ई२ हुंगायला दिल्यावरही तसंच झालं. आमच्या खोलीतल्या खकाण्यानं ११ तारखेला माझी तीच परीक्षा घेतली होती.

गोळी मॅडमनी स्वतः बदलली नाही. गावातल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि बजावलं की मनानं बंद करायची नाही. बीपी एकदम चढलं तर खोकल्यापेक्षा मोठं संकट. ४ मार्चपासून रामिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. ही त्या विकराला हात लावत नाही, त्यामुळे ब्रॅडिकायनिन साठत नाही. ओळखायची साधी खूण थोरलीनं सांगितली: नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल तर पहिली जात, ‘सार्टन’ असेल तर दुसरी. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही सगळी पहिल्या जातीतली. ही खूण डॉक्टरांना विचारण्यापुरती वापरा, गोळी आपली आपण बदलू नका. आणि दवाखान्यात जाताना चालू असलेली प्रत्येक पट्टी पिशवीत टाकून न्या, कधी सुरू केली ती तारीख वर लिहून. मी नेली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

मग वाट पाहणं. सहसा एक ते चार आठवड्यांत उतार पडतो, कुणाकुणाला तीन महिनेही लागतात, असं आधीच सांगितलं होतं, ते बरं झालं. पहिल्या आठवड्यात काडीचाही फरक नव्हता. निदान चुकलं असंच मला वाटायला लागलं होतं. एका वहीत दोन रकाने आखले, सकाळचं बीपी आणि रात्री किती वेळा उठले ते. ४ मार्च: पाच वेळा. १२ मार्च: चार वेळा. १७ तारखेला दोन. २१ मार्चच्या सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “रात्री उठली न्हाईस गं तू. मीच दोनदा उठून बघितलं, श्वास चाललाय का.”

पाडव्यापर्यंत बोलताना, हसताना येणारी ढास गेली. बीपी १३२ वर ८४, म्हणजे जागेवर. फोडणीचा ठसका मात्र एप्रिलच्या मध्यापर्यंत लागायचा. मॅडमना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, हळवेपणा उतरायला वेळ लागतो, आत जायची घाई नको. एप्रिलचे तीन आठवडे डंक यांनी आणि पुतण्यानं सांभाळला. सगळा मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत झाला. हंगामातलं बुडालेलं काम त्यात धरलेलं नाही.

२७ एप्रिलला, रविवारी, गडहिंग्लजच्या एका वैनींची आठ किलो मिरची आली. नाकाला दुपदरी ओलं फडकं बांधून मी आत गेले. दारात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसेनात. मुसळ पडायला लागलं, तांबडा खकाणा उन्हाच्या पट्ट्यात वर चढला. दोनदा खोकले. तिसऱ्यांदा येईल म्हणून थांबले, ती आली नाही. चाळणी हातात घेतली. थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवलेला होता आणि सासूबाई बायकांत बसून देठं खुडत होत्या.